आधी फलाट, मग डबे

मुंबईच्या हार्बर मार्गावर २०१६ साली नऊ डब्यांच्या लोकलगाड्या बारा डब्यांच्या करण्यात आल्या. एकही फेरी न वाढवता प्रवासी वाहण्याची शक्ती एक तृतीयांशाने वाढली. मात्र त्यासाठी फलाट लांबवावे लागले, याचा विसर पडता कामा नये.

दौंड-बारामती मार्गाचा विचार याच दृष्टीने व्हावयास हवा. १९१४ साली अडीच फुटी रुळांवर सुरू झालेला हा फाटा पुढे ब्रॉडगेज झाला, पण एकेरीच राहिला. एकेरी मार्गावर नवी गाडी सोडावयाची, तर समोरून येणारीला कोठेतरी तिष्ठत ठेवणे आले. अशा ठिकाणी आहे तीच गाडी लांब करणे अधिक शहाणपणाचे. पुणे-दौंड मार्गावर २०१७ साली डेमू आली. तिच्या दोन्ही टोकांना चालककक्ष असल्याने इंजिन फिरविण्याचा खोळंबा टळतो. परंतु तिचे डबे संचानेच जोडलेले. गर्दी पाहून ऐनवेळी एखादा डबा जोडावा, ही जुन्या गाडीची सोय तीत नाही. तेव्हा संच मागवितानाच लांबी ठरविली पाहिजे.

इंदापूरची तऱ्हा निराळी. तालुक्याच्या गावाला रेल्वेच नाही. भिगवण गाठावे तेव्हा गाडी दिसणार! तेथील विद्यार्थ्याला आणि कारकुनाला वाढीव डब्यांपेक्षा गाडीच्या वेळेशी जुळणारी एस.टी. अधिक मोलाची आहे. बारामतीकरांनी मात्र नव्या गाडीची निवेदने देण्याआधी काटफळ, शिर्साई येथील फलाटांची लांबी रेल्वेला विचारावी.