सातशे सत्त्याहत्तरचा उतारा

‘परमिशन डिनाइड’ हे दोन शब्द पडद्यावर उमटले, की भल्याभल्या सुशिक्षित तरुणांच्या अंगात येतं. काउंटरवर ‘सही जुळत नाही’ म्हटल्यावर खातेदाराच्या येतं, अगदी तसंच. कुणाची सही, कुठं जुळत नाही, हे खातेदार विचारत नाही, “मॅनेजरला बोलवा!” म्हणतो. संगणकवाल्यांचा मॅनेजर म्हणजे ‘सीएचमॉड ७७७’.

या ७७७चा हिशेब बी. कॉम. माणसालाही समजतो. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, बेरीज ७. पहिला सात मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा आणि तिसरा उरलेल्या सर्वांचा, म्हणजे आल्यागेल्याचा. तिजोरी उघडत नाही म्हणून तिचं दारच काढून ठेवायचं आणि वर ‘झालं बुवा एकदाचं!’ म्हणून चहा मागवायचा, असा हा उतारा.

आमचा भाचा म्हणतो, “मामा, तो कंटेनर आहे. आत काहीही केलं तरी बाहेर काय बिघडतं?”

हीच तर गोम आहे! डॉकर २०१३ साली आला आणि प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं बिऱ्हाड मिळालं; पण बिऱ्हाड चाळीतलं. खोली ज्याची त्याची, नळ सगळ्यांत एक. हा नळ म्हणजे लिनक्सचा कर्नल. वेगळं काही सांगितलेलं नसेल, तर आतला प्रोग्रॅम ‘रूट’ होऊनच वावरतो, आणि वेगळी तजवीज नसेल तर हा शून्य नंबरचा रूट कर्नलच्या लेखी बाहेरचाच रूट. फेब्रुवारी २०१९ मध्ये, कंटेनर सुरू करणाऱ्या ‘रनसी’तली फट उघडकीला आली. त्या फटीतून आतल्या रूटला अख्ख्या यंत्राचा ताबा घेता येत होता. म्हणे काय बिघडतं!

खरं दुखणं बहुधा अगदी कारकुनी असतं. कर्नल नाव विचारत नाही, नंबर बघतो. बरोबरच आहे, एका शाखेत चार-चार जोशी असतात. आतला प्रोग्रॅम १००० नंबरचा आणि बाहेरून जोडलेलं फोल्डर १००१च्या मालकीचं, मग लिहू देईल कोण? आत ‘आयडी’ म्हणावं, बाहेर ‘एलएस -एलएन’ म्हणावं, आणि दोन्ही नंबर टॅली करावेत. जुळत नसतील तर ‘सीएचओन’ने मालकी बदलावी, नाहीतर कंटेनर सुरू करतानाच योग्य नंबर द्यावा. जुळूनही नकार येत असेल, तर जोडणी फक्त वाचण्यापुरती आहे का ते पाहावं. फेडोरा किंवा रेड हॅट असेल तर एसईलिनक्सची चिठ्ठी तपासावी. तिथं जोडणीपुढे ‘झेड’ लागतो. मोठा असेल तर त्या एका कंटेनरपुरता, छोटा असेल तर सामायिक. तिथं ७७७ लावून कपाळ बडवलंत तरी दार उघडत नाही.

पण एवढा धीर कुणाला? मग ‘प्रिव्हिलेज्ड’ लावतात. डॉकर रूटचे बरेचसे अधिकार काढून घेऊन चौदाच हाती ठेवतो. हा शब्द सगळे परत देतो आणि वर यंत्राची उपकरणंही. शिपायाला पाणी आणायला पाठवताना पॉवर ऑफ ॲटर्नी लिहून द्यावी, तसं!

गंमत म्हणजे शहाण्या प्रोग्रॅमना ही दानत सोसत नाही. खाजगी किल्लीला ७७७ दिलेत, तर एसएसएच तिला हात लावत नाही. डेटाच्या फोल्डरवर तीच परवानगी दिसली, की पोस्टग्रेस सुरूच होत नाही. यंत्राला कळतं, ते इंजिनियरला कळू नये?

यावर ठरलेलं उत्तर असतं : “आत्ता चालू करू, नंतर नीट करू.” ‘नंतर’च्या नोंदी आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो, त्या कशा निघतात ते मला विचारा. त्या डब्यांत हल्ली लोकांचे पगार, पेन्शनी आणि आजारपणाचे कागद असतात. ७७७ लावणारा यथावकाश दुसऱ्या कंपनीत जातो. ७७७ मात्र तिथंच कायम नोकरीत राहतो.