काळांचा तक्ता आणि काळाचे भान

आठवीच्या वर्गात ‘प्ले’ हे इंग्रजी क्रियापद चालविण्याचा पाठ सुरू होता. एका विद्यार्थ्याने उभे राहून वर्तमान, भूत आणि भविष्य या तिन्ही काळांचे प्रत्येकी चार, असे बाराही प्रकार एका दमात म्हणून दाखविले. कोठे अडखळणे नाही, कोठे चूक नाही. आम्ही संतुष्ट झालो आणि सहज त्याला इंग्रजीतच विचारले, ‘‘काल संध्याकाळी तू काय केलेस?’’ उत्तर आले, ‘‘आय प्ले क्रिकेट!’’

वर्ग हसला. आम्हांला मात्र हसू आले नाही. त्या मुलाने तक्ता पाठ केला होता; पण त्या तक्त्याचा कालच्या संध्याकाळशी काही संबंध आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मग दोष त्याचा की आम्हां शिक्षकांचा?

दुसऱ्या दिवशी आम्ही इंग्रजी पुस्तक मिटून ठेवले आणि फळ्यावर मराठी ‘खेळणे’ लिहिले. मुले सांगू लागली : मी खेळलो, मी खेळले, तू खेळलास, तू खेळलीस, तो खेळला, ती खेळली, तुम्ही खेळलात, त्या खेळल्या. साध्या भूतकाळाचीच आठ रूपे पाहता पाहता फळ्यावर उतरली. वर्गातल्या तेलुगू जाणणाऱ्या मुलांनी ‘आडानु, आडाडु, आडिंदि’ अशी भर घातली. आमची घरची भाषा कोकणी. तीत ‘हांव खेळटां’ हे पुरुषानेही म्हणावे आणि स्त्रीनेही. म्हणून लहानपणी मराठीतील ‘खेळतो’ आणि ‘खेळते’ यांनी आम्हांला पुष्कळ चकविले होते. तेही आम्ही मुलांना सांगितले. शेवटी या साऱ्या पसाऱ्यासमोर इंग्रजीचे रूप लिहिले : ‘प्लेड’. मी, तू, तो, ती, आम्ही, ते, सर्वांना मिळून एकच!

नियमित इंग्रजी क्रियापदाचा सारा संसार चार रूपांचा असतो : प्ले, प्लेज, प्लेड, प्लेइंग. भविष्यकाळाला तर स्वतःचे रूपच नाही; ‘विल’ किंवा ‘शॅल’ यांच्या खांद्यावर बसून तो चालतो. पूर्वी या भाषेचे प्रत्यय अधिक होते. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात तृतीयपुरुषी एकवचनाला ‘एथ’ हा प्रत्यय आढळतो. पुढे तो लोपला आणि ‘एस’ तेवढा उरला. ज्या मुलाच्या जिभेवर मराठीची आठ रूपे न शिकविता खेळतात, त्याने चार रूपांना भ्यावे, हे नवलच नव्हे काय?

तरीही मूल चुकते, कारण अडचण रूपांत नाही, ती अर्थात आहे. आई जेवावयास हाक मारते आणि चिरंजीव जागचे न हलता ओरडतात, ‘‘आलो, आलो!’’ रूप भूतकाळाचे आणि येणे मात्र अजून व्हावयाचे! निरोप घेताना आपण ‘‘उद्या येतो’’ म्हणतो. तेथे रूप वर्तमानाचे, अर्थ भविष्याचा. ‘‘हे नाटक मी मागच्या वर्षी पाहिले आहे’’ हे वाक्य मराठीत शुद्ध आहे. पण ते शब्दशः उतरवून इंग्रजीत ‘हॅव सीन’ म्हटले की चूक होते, कारण ‘मागच्या वर्षी’ असा गेलेला काळ नेमका सांगितला की इंग्रजीला साधा भूतकाळच हवा. हा भेद बारा चौकटींचा तक्ता सांगत नाही. तो दोन भाषांतील वाक्ये शेजारी ठेवल्यावरच कळतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांना मराठीचा हात सोडावा लागला नव्हता.

पाठांतर टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. पाढ्यांवाचून हिशेब येत नाही, हे खरेच. पण नुसते पाढे म्हणजेही हिशेब नव्हे. तक्ता शेवटी यावा. आधी वाक्य यावे, आणि त्याही आधी स्वतःच्या भाषेतील अर्थ यावा.

हे सारे अगत्याने लिहिण्याचे कारण निराळेच आहे. पालकसभेत एक माउली खाली मान घालून म्हणाल्या, ‘‘आम्हांला इंग्रजी येत नाही, मुलाला घरी काय शिकविणार? त्याला इंग्रजी शाळेतच घालावे म्हणते.’’ असे म्हणणाऱ्या त्या एकट्या नाहीत. त्यांना आमचे नम्र सांगणे असे : मुलाला रोज रात्री एवढेच विचारा, ‘‘आज काय केलेस? उद्या काय करणार आहेस? कोणते काम करून झाले आहे?’’ तो मराठीत नीट सांगेल, मग तेच वहीत पाच इंग्रजी वाक्यांत लिहील. काळाचे भान तुम्ही द्या. प्रत्यय आम्ही देऊ.

आपल्या हैदराबादेतच १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी एक मध्यवर्ती संस्था निघाली; तीच आज इंग्रजी व विदेशी भाषांचे केंद्रीय विद्यापीठ आहे. तिच्या आरंभीच्या काळात संचालकपद भूषविले ते वि. कृ. गोकाक यांनी. सांगली-कोल्हापुरात इंग्रजीचे अध्यापन केलेले हे गृहस्थ कन्नडचे थोर कवी होते. पुढे १९९० सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना लाभला, तोही कन्नड साहित्यासाठी. मातृभाषा घट्ट धरणाऱ्याला इंग्रजी परकी राहत नाही, याला याहून जवळचा दाखला कोणता?

आमचा तो विद्यार्थी आता रोज पाच वाक्ये लिहितो. चुका होतातच. पण परवा त्याने वहीत ‘आय प्लेड’ असे लिहिले आणि आपण होऊन सांगितले, ‘‘कालचे आहे ना, म्हणून!’’ त्या ‘म्हणून’साठीच आमचा हा सारा खटाटोप.