पहिल्या खंडात यान उडालेच नाही तरी चालेल

मुलांसाठी भारतीय अंतराळ-साहसाची एक चित्रकथामालिका असावी, याबद्दल फारसे कुणाचे दुमत नसते. खरा मतभेद सुरू होतो तो पहिल्या खंडापाशी. प्रकाशकाला पहिल्याच पानावर ज्वाळा ओकणारे यान हवे असते आणि दहाव्या पानापर्यंत परग्रह. हा आग्रह नवा नाही. 7 जानेवारी 1934 रोजी ‘फ्लॅश गॉर्डन’चा पहिला हप्ता अमेरिकेत छापून आला, तेव्हा त्याच हप्त्यात डॉक्टर झार्कोव्हचे यान आकाशात झेपावले होते. ते कोणी बांधले, कशावर चालते, चाचणी कधी झाली, असले प्रश्न वाचकाने विचारायचे नव्हते. पुढे ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून हाच गॉर्डन भारतीय मुलांच्या हाती आला आणि अंतराळप्रवास म्हणजे एका विक्षिप्त शास्त्रज्ञाच्या परसातला उद्योग, ही समजूतही त्याच्याबरोबर आली.

याच्या अगदी उलट उदाहरण बेल्जियमचे आहे. एर्जे याने 1950 साली टिनटिनच्या चंद्रमोहिमेला प्रारंभ केला. मधे दीड वर्षाचा खंड पडला आणि पहिले पुस्तक 1953 साली निघाले. बासष्ट पानांच्या या पहिल्या भागात यान उडते ते अगदी अखेरीस. पृथ्वीवरून हाका मारल्या जातात, उत्तर येत नाही, आणि पुस्तक संपते. त्याआधीची सारी पाने जमिनीवर जातात: अणुसंशोधन केंद्र, पोशाखाची चाचणी, हेरगिरी, आणि कॅप्टन हॅडॉकचा अखंड संताप. एक मानवरहित यान चंद्रामागच्या बाजूचे चित्रण करायला धाडले जाते. त्याचे नियंत्रण शत्रूच्या हाती जाते आणि ते नाइलाजाने उडवून द्यावे लागते. चंद्राच्या त्या बाजूची खरी छायाचित्रे सोव्हिएत ‘लुना 3’ने पाठवली, ती 1959 साली.

एर्जेने अलेक्झांडर अनानोफ यांचा अंतराळविद्येवरचा ग्रंथ अभ्यासला होता. त्याची खूण पानोपानी दिसते. प्रोफेसर कॅल्क्युलसच्या यानाला दोन इंजिने आहेत. उड्डाण आणि अवतरण यांसाठी नायट्रिक आम्ल व ॲनिलिन जाळणारे, आणि मधल्या प्रवासासाठी अणुइंजिन. किरणोत्सारी झोत माणसांजवळ नको, एवढा साधा विचार त्यामागे आहे. विज्ञानकथेतील प्रामाणिकपणा अशा ठिकाणी कळतो. निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज ऐकू आला की नाही, या नेहमीच्या वादात तो फारसा सापडत नाही.

अर्थात कॅल्क्युलसचे अणुइंजिन सूट मागतेच. यान सतत पृथ्वीवरील गुरुत्वाइतक्या त्वरणाने निम्मा मार्ग वेग घेत गेले आणि उरलेला निम्मा वेग कमी करत गेले, तर 3 लाख 84 हजार किलोमीटरचे अंतर सुमारे साडेतीन तासांत संपते. मध्यावर वेग सेकंदाला 61 किलोमीटर होतो. तो मिळवायचा आणि पुन्हा शून्यावर आणायचा, म्हणजे एकूण 122 किलोमीटर प्रतिसेकंद एवढा वेगबदल. अग्निबाणाच्या समीकरणात झोताचा वेग 4.5 किलोमीटर प्रतिसेकंद धरला, तर यानाच्या वस्तुमानाच्या कित्येक शे अब्जपट इंधन लागते. झोत दुप्पट वेगाने सोडणारे अणुइंजिन घेतले तरी हा आकडा आठ लाखपटीच्या घरात राहतो. चंद्रयान-3 ने 14 जुलै ते 23 ऑगस्ट 2023 असे चाळीस दिवस का घेतले, याचे उत्तर या एका आकडेमोडीत आहे. पृथ्वीभोवती घिरट्या घालत कक्षा मोठी करीत जाणे हा आळस नव्हे, ती काटकसर आहे. असे गणित समासात सामावणारी चित्रकथा अकरावीच्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातील एका प्रकरणाहून अधिक देऊन जाईल.

मुले कंटाळतील, हा आक्षेप टिकण्यासारखा नाही. 21 ऑक्टोबर 2023 रोजी श्रीहरिकोट्याला गगनयानाची पहिली बचाव-चाचणी होती. उड्डाणाला पाच सेकंद उरले असता संगणकाने सारे थांबवले. दोष शोधून त्याच सकाळी यान उडाले, कुपी बंगालच्या उपसागरात उतरली आणि पाण्यात उलटी झाली. नौदलाच्या पाणबुड्यांनी ती बाहेर काढली. यात खलनायक घालण्याचीही गरज नाही. थुंब्याचे चर्च आणि 21 नोव्हेंबर 1963 चे ते पहिले उड्डाण तर चित्रकारासाठी आयतेच आहे.

प्रश्न उरतो तो अशा पुस्तकाचे घर कोणते, हा. दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावर ब्रिटिश कौन्सिल आहे, अमेरिकन सेंटर आहे. दोन्ही देशांनी आपली पुस्तके भारतीय तरुणांपुढे मांडण्यासाठी येथे जागा केली. याच रस्त्यावर हिंदुस्तान टाइम्सची इमारत आहे. त्या समूहाचे ‘नंदन’ हे हिंदी बालमासिक 2020 मध्ये बंद पडले. आणि याच रस्त्यावर 2013 पासून नवे महाराष्ट्र सदनही आहे. (जुने सदन कोपर्निकस मार्गावर, योगायोग म्हणून तोही वाईट नाही.)

मराठीत विज्ञानकथेची कमतरता कधी नव्हती. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने धाडली, तेव्हापासून भौतिकशास्त्र जाणणाऱ्या लेखकांची एक परंपराच तयार झाली. मात्र त्या शब्दांना तोलाची चित्रे मिळाली नाहीत. राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने एक लेखक, एक चित्रकार आणि एक अग्निबाण-अभियंता यांना दोन वर्षांचे मानधन द्यावे, बासष्ट पानांचा पहिला खंड काढावा आणि त्याच्या प्रती महाराष्ट्र सदनाच्या दर्शनी दालनात ठेवाव्यात. एर्जेच्या दोन चंद्रपुस्तकांसाठी साप्ताहिकातल्या प्रारंभापासून चार वर्षे लागली होती. दोन वर्षे कमीच आहेत, परंतु मागणी कुठून तरी सुरू करावी लागते.