डिटॉक्स? ती सोय आधीच आहे!

परीक्षा संपली, ट्रिप झाली, चार दिवस पार्ट्या झाल्या की ग्रुपवर मेसेज ठरलेला: ‘आता डिटॉक्स करायला हवं यार!’ मग हिरवे ज्यूस आणि ‘तीन दिवसांत बॉडी क्लीन’ सांगणारी रील्स. माझं म्हणणं सरळ आहे. हा खर्च वाचवा. सफाई खातं आपल्या उजव्या बरगड्यांखाली चोवीस तास सुरूच असतं. त्याचं नाव यकृत, म्हणजेच लिव्हर.

साधारण दीड किलोचा हा अवयव दारू, औषधं, शरीरात तयार होणारा अमोनिया यांचं रूपांतर करून ते बाहेर टाकण्याजोगं करतो. शिवाय जादाची साखर साठवतो आणि रोज अर्धा ते एक लिटर पित्त बनवतो. आपण ‘पित्त झालं’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा तक्रार जठरातल्या आम्लाची असते. बदनाम होतं पित्त! खरं पित्त पित्ताशयात साठून दाट होतं आणि तर्रीदार मिसळ आतड्यात उतरली की तिच्या तेलाचे बारीक थेंब करतं. त्याच वेळी जठरामागचं स्वादुपिंड, म्हणजे पॅन्क्रियाज, पाचक रस सोडतं. पिष्टमय पदार्थ, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, सगळं फोडणारा रस. इन्सुलिनही तेच बनवतं.

मग ‘क्लीन’ होण्याच्या नादात आपण काय करतो? उपाशी राहतो. पण फार झपाट्यानं वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. खडा सरकून नळीत अडकला तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ती दारूच्या अतिरेकानंही येते आणि जिवावर बेतू शकते. ग्रीन टीचा कप ठीक. पण तिच्या अर्काच्या स्ट्राँग गोळ्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

‘पण ज्यूस प्यायल्यावर हलकं वाटतं ना!’ वाटणारच. तीन दिवस दारू, कोल्डड्रिंक आणि तळलेलं बंद होतं. श्रेय त्या सुट्टीचं, ज्यूसचं नाही.

खरी काळजी करायची तर फॅटी लिव्हरची करा. तो दारू न पिणाऱ्यांनाही होतो आणि बहुधा काहीच दुखत नाही, म्हणून कळत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं त्याला असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं, ते उगाच नाही. दिलासा एवढाच की सुरुवातीला तो मागे फिरू शकतो. वजन जास्त असेल तर ते हळूहळू सात ते दहा टक्के उतरवलं तरी लिव्हरची चरबी आणि सूज कमी होते.

त्यामुळे गोड ड्रिंक्स कमी करा, आठवड्याला दीडशे मिनिटं घाम गाळा, हिपॅटायटिस बीची लस घेतली का ते घरी विचारा. दारूला ‘नाही’ म्हणता आलं तर उत्तमच. यात रील करण्यासारखं काही नाही, मान्य. पण लिव्हरला लाइक्स नकोयत, थोडी उसंत हवी आहे.