नटाचे माप पडद्यावर नको

नट मोठा की लहान, हे ठरवताना आपण आधी विचारतो, ‘कोणत्या सिनेमात होता?’ हे माप झाडीपट्टीला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रंगभूमीला लावले, तर आपल्या जंगलजिल्ह्यांतले नट हिशेबातच येत नाहीत. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती रंगमंचावरच्या कामासाठी. सुमारे पाच हजार प्रयोग आणि आठशे भूमिका त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. माझे म्हणणे असे की नटाची कारकीर्द रंगमंचावरच पूर्ण होऊ शकते. पडदा तिची नोंद ठेवतो, तिला मोठेपण देत नाही. नोंद राहिली नसेल, तर उणेपणा नटाचा नाही, तो आपला आहे.

हे काम किती कठीण, ते पाहावे. धानाची कापणी आटोपली की वडशाची नाट्यमंडळे हंगामाला लागतात. दिवाळीनंतर होळीपर्यंत मंडईच्या जत्रेच्या किंवा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या निमित्ताने गावोगावी प्रयोग होतात. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. तालमी मोजक्याच, प्रॉम्प्टरचा शब्द कानाने झेलत नटाला प्रसंग उभा करावा लागतो. समोर तिकीट काढून आलेले गाव असते, आणि कंटाळलेले गाव उठून जाते. २०१४मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आली, तेव्हा काही वर्षे शंकरपट थांबले. नाटके मात्र थांबली नाहीत. प्रेक्षक नाटकासाठीच येतो, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

लिथुआनियाचे दोनातास बानियोनिस यांचे उदाहरण इथे उपयोगी पडते. तारकोव्हस्कीच्या १९७२च्या ‘सोलारिस’मधला नायक म्हणून जग त्यांना ओळखते. पण १९४१पासून ते पानेवेझिस या लहान शहरातल्या नाट्यगृहाचे नट होते, आणि सिनेमाने कीर्ती दिल्यावरही त्यांनी ते सोडले नाही. त्यांना कॅमेरा भेटला, आपल्या नटांना बहुधा भेटला नाही, फरक एवढाच. तृषांत इंगळे यांच्या २०२२च्या ‘झॉलीवूड’मध्ये पडदाच झाडीपट्टीकडे आला, पण एका चित्रपटात किती नट मावणार?

यावर आक्षेप येतो की झाडीपट्टीचा अभिनय भडक असतो. उघड्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे, तर आवाज आणि हावभाव मोठेच ठेवावे लागतात. तो त्या रंगमंचाचा धर्म आहे. नाटकात घुसवलेल्या नाचगाण्यांमुळे कथा मागे पडते, ही तक्रार मात्र खरी आहे आणि ती मंडळांनी ऐकलीच पाहिजे. दुसरा आक्षेप असा की हजारो प्रयोगांचे आकडे मोजले कोणी? प्रश्न रास्त आहे. पण तो नटाला विचारून भागणार नाही. प्रयोगांची तारीखवार नोंद ठेवणे एकट्या नटाच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी संस्था लागते.

म्हणून गोंडवाना विद्यापीठाने हे काम अंगावर घ्यावे. संहिता, जाहिरातपत्रके, प्रॉम्प्टरच्या वह्या गोळा कराव्यात, जुन्या नटांच्या सविस्तर मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात आणि दर हंगामात काही प्रयोग पूर्ण चित्रित करावेत. वाचकांनीही हातभार लावावा. घरात नाटकाचे जुने पत्रक असेल, तर रद्दीत देऊ नका. त्यावर गाव आणि साल लिहा, आणि ते जपून ठेवा.