शेवटी कोणी गावे?

आषाढीच्या गायनास दोन बुजुर्ग गवई एकत्र यावयाचे म्हटले, की आम्हां लोणी देवकरच्या रसिकांत वाद ठरलेला : शेवटी कोणी गावे? वेळ वाटला जाऊन दोघांचेही गाणे अपुरे राहते, ही तक्रार अगदीच खोटी नव्हे. तथापि पुण्याचा १९५३ पासूनचा सवाई गंधर्व महोत्सव स्मरावा. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर व भीमसेन जोशी ही एकाच गुरूची शिष्यमंडळी तेथे गात. समारोप बहुधा भीमसेनांचा. वयाने वडील गंगूबाई त्यांच्या आधी. त्यात कोणाचा मान उणावला? इंदापुरी तुकोबांची पालखी येते, तेव्हा म्हातारा वारकरीही पोरसवदा टाळकऱ्याच्या पायी लागतो. मैफलीत मात्र आम्ही क्रम मोजत बसतो, आणि समोर लागलेला षड्ज ऐकावयाचा राहून जातो.