बाहेरच्या डब्याची जागा

नवतपा तोंडावर आला की कोशाच्या विणकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या आंधळगावातही आता कूलरसोबत एसीची चर्चा निघते. किती टनाचा, किती स्टारचा, हे घरात ठरतं. बाहेरचा डबा कुठे, हे मात्र मिस्त्रीची शिडी पोचेल तिथे. खरं तर दीड टनाचा एसी खोलीतली सव्वापाच किलोवॉटपर्यंत उष्णता उपसतो आणि स्वतः खाल्लेल्या विजेची त्यात भर घालून सगळी बाहेर फेकतो. त्याची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो, तेव्हा ती घटते. म्हणून तापलेल्या टिनांवर किंवा पश्चिमेच्या उन्हात डबा नकोच, उत्तरेची भिंत बरी. मागे वीतभर जागा, पुढे मोकळी हवा, पक्कं अर्थिंग हवं. गॅस सोडण्याआधी पंप लावून नळीतली हवा आणि ओल काढायला सांगा. बोळ अरुंद असेल तर समोर शेजाऱ्याची खिडकी नाही ना, तेही पाहा. आपल्या गारव्याची झळ त्याने का सोसावी? आणि जागा ठरवायची ती दुपारी दोन वाजता, उन्हात उभं राहून. सकाळी सगळ्याच भिंती थंड लागतात.